दगड आणि चेंडू

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. आषाढातली संध्याकाळ, बाहेर मुसळधार पाऊस. कचेरीतून घरी आलो तेव्हा बलकांवच्या कोपऱ्यात, छत्र्या सुकवायला ठेवतो तिथे, एक कुत्रा अंग चोरून बसला होता. तपकिरी रंगाचा, हाडं मोजून घ्यावीत असा, वय वर्षाच्या आतबाहेर. हाकलायचं कुणाला सुचलं नाही. आईने भात आणि बांगड्याचे काटे काढून उरलेला माशाचा चुरा त्याच्यापुढे ठेवला आणि तो आमचा झाला. माझ्या मुलीने रंगावरून त्याचं नाव ठेवलं चिकू.

चार दिवसांनी उघडीप मिळाली. मुलगी अंगणात चेंडू घेऊन आली. कुत्रा म्हटला की चेंडू, ही तिची समजूत टीव्हीवरच्या जाहिरातींवरून झालेली. तिने चेंडू फेकायला हात वर केला मात्र, चिकूने शेपूट पोटाशी घेतली, कुईं केलं आणि तो तुळशीवृंदावनाच्या मागे जाऊन लपला. चेंडू अजून तिच्या हातातच होता.

"बाबा, तो चेंडूला का घाबरतो?"

"चेंडूला नाही गं, हाताला."

उत्तर माझ्या तोंडून पटकन गेलं आणि मग बराच वेळ मी गप्प राहिलो. कारण तो हात मला चांगला माहीत होता. शाळेत जाता-येता वाटेवरच्या कुत्र्यांना नेमबाजी करणं हा आमच्या वेळच्या पोरांचा रोजचा खेळ. खेळच म्हणायचो आम्ही त्याला! पाचवीत असताना माझा एक दगड असा बसला की एका कुत्रीचा मागचा पाय कायमचा अधू झाला. पुढची दोन-तीन वर्षं ती मला पारावर दिसायची. मला पाहिलं की तीन पायांवर लंगडत दूर जायची. मी हे घरी कधी कुणाला सांगितलं नाही.

दगड फेकण्याची आणि चेंडू फेकण्याची हाताची हालचाल एकच. कुत्र्याने त्यातून काय समजायचं ते आजवर त्याच्या वाट्याला आलेल्या हातांवर अवलंबून. चिकूला खेळायला शिकवायचं ठरलं आणि वाचनाची खोड असल्यामुळे मी शोधू लागलो, की माणूस आणि कुत्रा नेमके कधीपासून एकमेकांशी खेळतात? जे सापडलं ते आज वाचकांपुढे ठेवतो.

कबरीतला हात

कुत्रा हा माणसाने माणसाळवलेला पहिला प्राणी. गाय, शेळी, घोडा, कोंबडी सगळे नंतरचे. शेती सुरू होण्याच्याही आधी, माणूस शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगत होता तेव्हापासून कुत्रा त्याच्यासोबत आहे. हा काळ निदान पंधरा हजार वर्षांचा मानतात.

जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली एक पुरातन दफन सापडलं. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्रा. काळ सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचा. या कुत्र्याच्या दातांचा अभ्यास करून २०१८ साली संशोधकांनी दाखवून दिलं, की मरताना तो जेमतेम सात महिन्यांचा होता आणि त्याआधी डिस्टेंपरसारख्या गंभीर आजाराने काही आठवडे ग्रासला होता. आजारी पिल्लू ना शिकारीच्या कामाचं, ना राखणीच्या. तरी त्याला कुणीतरी भरवलं, पाणी पाजलं, ऊब दिली, एरवी ते इतके दिवस जगतंच ना. उपयोगासाठी कुत्रा पाळला हे खरं असेलही, पण निव्वळ उपयोगासाठी पाळला असं या पिल्लाकडे बघून म्हणवत नाही.

दुसरं दफन उत्तर इस्रायलमधल्या ऐन मल्लाहा या ठिकाणचं, सुमारे बारा हजार वर्षांपूर्वीचं. त्यात एका वयस्क माणसाचा सांगाडा कुशीवर आहे आणि त्याचा हात चार-पाच महिन्यांच्या एका पिल्लाच्या सांगाड्यावर टेकवलेला आहे. या शोधाची माहिती १९७८ साली 'नेचर' या नियतकालिकात आली. त्याचं छायाचित्र मी पाहिलं तेव्हा पहिल्यांदा नजर गेली ती त्या हाताकडे. कुणीतरी तो मुद्दाम तसा ठेवला होता. जाणाऱ्याला काय आवडत होतं ते मागे राहिलेल्यांना ठाऊक होतं.

आता प्रश्न चेंडूचा. फेकलेली वस्तू माणसाला आणून देणं हे कुत्र्याला माणसाने शिकवलं, की ते मुळातच त्याच्यात होतं? स्वीडनमधल्या स्टॉकहोम विद्यापीठातल्या संशोधकांनी लांडग्यांची पिल्लं दहा दिवसांची असल्यापासून हाताने वाढवली. आठ आठवड्यांची झाल्यावर एका अनोळखी माणसाने त्यांच्यापुढे चेंडू टाकला आणि परत आणायला बोलावलं. तेरा पिल्लांपैकी तीन पिल्लांनी, कुठलंही शिक्षण नसताना, तो चेंडू आणून दिला. २०२० च्या जानेवारीत हे प्रसिद्ध झालं. बाकीच्या दहांनी तो आणून दिला नाही हेही तितकंच खरं. पण ते तीन आहेत ना! हजारो वर्षांपूर्वी एखाद्या शेकोटीजवळ असंच एखादं पिल्लू हाडूक तोंडात धरून माणसाच्या पायाशी आलं असेल आणि त्या माणसाला हसू आलं असेल, अशी कल्पना करायला हरकत नाही.

विटेवरची पावलं आणि सरमेची फिर्याद

आपल्याकडे यावं तर सिंधू संस्कृतीत मातीची कुत्री सापडतात, काहींच्या गळ्यात चक्क पट्टा आहे. पण मला त्याहून आवडते ती चन्हुदडोची वीट. सिंधमधल्या या ठिकाणी १९३५-३६ मध्ये अर्नेस्ट मॅके यांनी उत्खनन केलं, त्यात ही वीट निघाली. ओली असताना तिच्यावरून आधी मांजर गेलं आणि मागोमाग कुत्रा. पावलांचे ठसे एकमेकांवर पडलेले, आणि त्यांच्या खोलीवरून दोघंही धावत होती असा मॅके यांचा अंदाज. चार हजार वर्षांपूर्वीच्या एका वीटभट्टीवरची एका क्षणाची पळापळ! वीट बिघडली म्हणून वीटवाला ओरडला असेल. आज तीच सगळ्यांत मौल्यवान.

वेदात सरमा आहे, इंद्राची कुत्री. पणींनी लपवलेल्या गाई शोधायला ती रसा नदी ओलांडून जाते, पणींशी वाद घालते, त्यांच्या आमिषाला बळी पडत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात हा संवाद आहे. वास काढत हरवलेली वस्तू शोधणं हे कुत्र्याचं सगळ्यांत मोठं कौशल्य आणि आपल्या सगळ्यांत जुन्या ग्रंथात कुत्री येते ती हेच करताना.

हीच सरमा महाभारताच्या आदिपर्वात पुन्हा भेटते. जनमेजय राजा कुरुक्षेत्रावर दीर्घ सत्र करत असतो. तिथे सरमेचा पोर येतो आणि राजाचे भाऊ श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन त्याला बडवून काढतात. तो रडत आईकडे जातो. आई विचारते, तू काही आगळीक केली असशील. तो सांगतो, मी हविर्द्रव्याकडे पाहिलंही नाही, चाटलंही नाही. तेव्हा सरमा थेट यज्ञमंडपात जाते आणि राजाला जाब विचारते. उत्तर कुणाकडेच नसतं. मग ती म्हणते, निरपराध्याला मारलंत, तुमच्यावर न दिसणारं भय येईल. आणि राजा खरोखर घाबरतो, शापाचं निवारण करणारा पुरोहित शोधायला निघतो.

महाभारतातला शेवटचा कुत्रा सगळ्यांना ठाऊक आहे. महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिराबरोबर चालत राहिलेला, ज्याला सोडून स्वर्गात यायला युधिष्ठिर नकार देतो तो. सुरुवातीच्या कुत्र्याची मात्र कीर्तनात, प्रवचनात क्वचितच आठवण निघते. मला आता तोच जास्त आठवतो. पारावरच्या त्या कुत्रीला आई असती आणि ती आमच्या शाळेच्या दारात येऊन उभी राहिली असती, तर आमच्यापैकी कुणापाशी उत्तर होतं?

सरमेची मुलं म्हणून कुत्र्याला संस्कृतात 'सारमेय' म्हणतात, आणि हा शब्द आपल्याला गोव्याच्या दाराशी आणून सोडतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा प्रचंड ग्रंथ रचला. वीस-वीस प्रकरणांच्या पाच 'विंशती', म्हणजे एकूण शंभर प्रकरणं. मराठी साहित्याच्या अभ्यासकांना हा ग्रंथ परिचित आहे तो त्यातल्या गीतविनोदात आलेल्या मराठी ओळींमुळे. मराठीच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादित केला आणि १९२५ पासून तो तीन भागांत छापला गेला. गोव्याशी याचं नातं असं, की गोव्याचा कदंब राजा दुसरा जयकेशी हा सोमेश्वराचा मेहुणा. सोमेश्वराची बहीण मैलालदेवी ही त्याची राणी.

या ग्रंथाच्या चौथ्या विंशतीत राजाने मन कसं रमवावं याचे वीस विनोद सांगितले आहेत. हत्ती, घोडे, मल्ल, कोंबडे, मेंढे, पारवे यांच्या रांगेत एक आहे 'सारमेय-विनोद'. कुत्र्यासोबतचा वेळ हा रमण्याचा विषय आहे आणि त्यावर शास्त्र लिहिता येतं, असं नऊशे वर्षांपूर्वी आपल्या दख्खनच्या राजाला वाटलं होतं. अर्थात तो विनोद मुख्यत्वे शिकारीचा. राजाची करमणूक होते, कुत्राही जीव तोडून धावतो, आणि तिसरा जो ससा किंवा डुक्कर त्याच्यासाठी मात्र तो खेळ नसतो. खेळ म्हणावा तर तो सगळ्यांसाठी खेळ असला पाहिजे, ही जाणीव यायला पुष्कळ शतकं जायची होती.

तुपाची वाटी आणि सोन्याची झूल

मराठी मुलखातली सगळ्यांत लाडकी कुत्र्याची गोष्ट नामदेवांची. कुत्रा पोळी पळवतो आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावतात, कोरडी खाऊ नकोस देवा, म्हणून. यातला भक्तिभाव आपण सारे जाणतो. पण ज्याने कुत्रा पाळला आहे त्याला त्यात आणखी एक गंमत दिसेल. तोंडात काहीतरी घेऊन पळायचं आणि मागे माणूस धावला की आणखी जोरात पळायचं, हा कुत्र्याचा जगभरचा आवडता खेळ! चिकूने माझी चप्पल पळवली की मीही तसाच धावतो, फक्त हातात तुपाची वाटी नसते आणि तोंडात देवाचं नाव नसतं.

दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, त्यांना चार वेद मानतात. आपल्या साखळीच्या दत्तमंदिरात जाणाऱ्याला हे सांगायला नको. भैरवाचं वाहन कुत्रा, खंडोबाच्या चित्रात घोड्याशेजारी कुत्रा. देवाजवळ कुत्र्याला जागा मिळाली, दारात मात्र 'हाड'. हा विरोधाभास आपल्या समाजात जुना आहे.

इतिहासातल्या कुत्र्यांपैकी रायगडावरच्या वाघ्याची चर्चा फार होते. त्याच्या ऐतिहासिकतेबद्दल अभ्यासकांत वाद आहे, त्यात इथे शिरत नाही. मला सांगायचं आहे ते साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या कुत्र्याबद्दल. ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकिकत दिली आहे. शाहूंचा हा आवडता कुत्रा. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला होता. महाराजांनी त्याच्या नावे रीतसर सनद काढून जहागीर दिली, पालखीचा मान दिला. आणि एकदा दोन मराठा सरदार दरबारात आले असताना महाराजांनी या कुत्र्याला जरतारी वस्त्रं आणि जडजवाहीर चढवलं आणि स्वतःचं पागोटं त्याच्या डोक्यावर ठेवलं! डफसाहेबाला हा वेडाचा झटका वाटला. मला तसं वाटत नाही. बालपणापासून तारुण्यापर्यंत, १६८९ ते १७०७, अशी अठरा वर्षं मोगलांच्या कैदेत काढलेला हा राजा. पोशाखांचे आणि मानपानाचे किती खेळ त्याने दोन्हीकडच्या दरबारांत पाहिले असतील! पागोटं कुत्र्याच्या डोक्यावर ठेवून तो कुणाची थट्टा करत होता, हे समोरच्या सरदारांना बरोबर कळलं असणार. साताऱ्याजवळ संगम माहुलीला या कुत्र्याची समाधी दाखवतात. खंड्या असं त्याचं नाव सांगतात.

बेळगावच्या पलीकडे, आज बागलकोट जिल्ह्यात असलेल्या मुधोळला घोरपड्यांचं संस्थान होतं. तिथल्या मालोजीराव घोरपडे राजांनी त्या भागातल्या लांब पायांच्या, कृश अंगाच्या शिकारी कुत्र्यांची जोपासना केली. पंचम जॉर्ज राजाला त्यांनी या कुत्र्यांची जोडी भेट दिली आणि मुधोळ हे नाव सर्वदूर झालं. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यात मुधोळही आहे. हा कुत्रा नजरेने शिकार करणारा. त्याच्यापुढे चेंडू टाकलात तर तो तुमच्याकडे 'मग? तूच टाकलास, तूच आण' अशा नजरेने बघण्याची शक्यता जास्त. पण एखादी चिंधी दोरीला बांधून सरसर ओढत न्या, मग बघा त्याची दौड! ज्याच्या रक्तात जे काम, तोच त्याचा खेळ.

कामाचा खेळ कसा झाला

हे वाक्य पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली आहे. आज कुत्र्यांशी खेळले जाणारे बहुतेक खेळ म्हणजे जुनी कामं, फक्त त्यांतली गरज गळून गेलेली.

ग्रीक लेखक झेनोफनने शिकारी कुत्र्यांवर पुस्तक लिहिलं त्यात कुत्र्यांची सत्तेचाळीस नावं सुचवली आहेत. नावं छोटी असावीत म्हणजे हाक मारायला सोपी, असं तो सांगतो. (आमचा चिकू या कसोटीला उतरतो!) त्यानंतर पाचएक शतकांनी आरियन झाला. अलेक्झांडरच्या स्वारीचा इतिहास आणि 'इंडिका' हे हिंदुस्थानविषयीचं पुस्तक लिहिणारा तोच हा आरियन. त्याने आपल्या होर्मे नावाच्या कुत्रीविषयी फार जिव्हाळ्याने लिहिलं आहे. धावून आलेल्या कुत्र्याला थोपटावं, नाव घेऊन शाबासकी द्यावी, कारण माणसाप्रमाणे त्यांनाही कौतुक कळतं, असं तो सांगतो. अठराशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजच्या कुठल्याही शिक्षकाने द्यावा असा आहे.

चेंडू आणून देण्याचा खेळ मात्र आजच्या रूपात आला तो बंदुकीमुळे. एकोणिसाव्या शतकात बंदुका सुधारल्या, पक्षी दूरवर, पाण्यात, झुडपांत पडू लागले आणि ते न चावता, अलगद तोंडात धरून आणणारा कुत्रा हवासा झाला. स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्याकडे १८६८ साली नूस हा पिवळा रिट्रिव्हर आणि बेल ही पाण्यात उतरणारी स्पॅनियल यांची पिल्लं जन्मली. आज पणजी-मडगावच्या फ्लॅटमधून दिसणाऱ्या गोल्डन रिट्रिव्हरचं मूळ तिथे आहे. आता पक्षी नाही, बंदूक नाही, राहिला फक्त तो आणून देण्याचा आनंद.

पोर्तुगालच्या किनाऱ्यावरही असंच झालं. तिथल्या कोळ्यांचा कुरळ्या केसांचा पाणकुत्रा सुटलेली जाळी पोहत जाऊन आणायचा, एका होडीवरून दुसरीकडे निरोप पोचवायचा. त्याच जातीचा 'बो' २००९ साली ओबामांच्या मुलींशी खेळायला व्हाइट हाउसमध्ये गेला.

मग आली तबकडी. १९७४ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये बेसबॉलचा सामना टीव्हीवर दाखवला जात असताना अॅलेक्स स्टाइन नावाचा एक तरुण आपला अॅश्ली व्हिपेट हा कुत्रा आणि दोन-चार फ्रिस्बी तबकड्या घेऊन सरळ मैदानात शिरला. आठएक मिनिटं तो कुत्रा उंच उड्या मारून हवेतल्या तबकड्या पकडत राहिला. सामना थांबला, लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. स्टाइनला पोलिसांनी धरून नेलं, पण कुत्र्यांच्या तबकडी-स्पर्धा तिथून सुरू झाल्या. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात, मधल्या वेळात प्रेक्षकांचं मन रमवायला, घोड्यांच्या अडथळा-शर्यतीच्या धर्तीवर कुत्र्यांची शर्यत ठेवली. तीच आजची 'अॅजिलिटी'.

नमस्कार आणि रस्सीखेच

आमच्या चिकूला यातलं काहीच येत नव्हतं. त्याला खेळाचं पहिलं अक्षरच गिरवायचं होतं. ते अक्षर म्हणजे खेळाचा नमस्कार. कुत्रा पुढचे पाय पसरून कोपरं जमिनीला टेकवतो, पाठीमागचा भाग वरच ठेवतो, शेपूट हलत असते. आपल्याकडे नाटकाआधी नट रंगमंचाला हात लावून नमस्कार करतो, साधारण तसाच प्रकार. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ मार्क बेकॉफ यांनी याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. १९९५ साली त्यांनी दाखवलं, की हा नमस्कार कुठेही येत नाही. ज्या चाव्याचा गैरसमज होऊ शकेल अशा चाव्याच्या अगदी आधी किंवा नंतर तो येतो. 'आता करतो आहे तो खेळ आहे, खरं समजू नकोस' असा त्याचा अर्थ. म्हणजे खेळ हा विश्वासाचा करार, आणि त्यावर आधी सही लागते.

तर आम्ही असं केलं. पहिले काही आठवडे हात वर न्यायचाच नाही. खाली बसायचं आणि चेंडू जमिनीवरून हळूच घरंगळत सोडायचा. मुलीने स्वतः कोपरं टेकून त्याला नमस्कार करायला सुरुवात केली. आई म्हणाली, पोर बिघडली! मग शोधण्याचा खेळ. करवंट्या पालथ्या घालायच्या, एकीखाली सुक्या बांगड्याचा तुकडा. कुत्र्याचं नाक हे त्याचं मुख्य इंद्रिय, त्यामुळे या खेळात भित्रा कुत्राही धीट होतो. शिवाय गोव्याच्या उन्हात दुपारी धावपळीचे खेळ नकोच. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच थंड होतो. धावणं सकाळी नाहीतर दिवेलागणीला, करवंट्यांचा खेळ दुपारी पडवीत.

मग लपाछपी. मुलगी माडाआड लपून हाक मारायची, सापडली की खाऊ. मग जुन्या धोतराचा पीळ घालून रस्सीखेच. कुत्र्याला जिंकू दिलं तर तो डोक्यावर बसतो, असं शेजारच्या काकांनी बजावलं होतं. ब्रिटनमधल्या रूनी आणि ब्रॅडशॉ या संशोधकांनी चौदा गोल्डन रिट्रिव्हर घेऊन याचीच परीक्षा केली होती. कधी कुत्र्यांना जिंकू दिलं, कधी हरवलं. २००२ साली आलेला निष्कर्ष असा, की जिंकल्यामुळे एकही कुत्रा शिरजोर झाला नाही, उलट खेळून झाल्यावर ते अधिक ऐकू लागले. मी काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, ते ब्रिटिश कुत्रे! असो.

वस्तू सोडून घेण्यासाठी मागे धावायचं नाही, खेचायचं नाही. दुसरी वस्तू पुढे धरायची, की तो पहिली सोडतो. काठी कधी फेकू नये, तोंडात आणि घशात घुसते. चेंडू घशात जाण्याएवढा लहान नसावा. आमच्याकडे सगळ्यांत यशस्वी ठरलं ते नारळाचं सोडण, पण त्याचे धागे गिळू लागला तेव्हा तेही काढून घ्यावं लागलं.

उचललेला हात

कुणी म्हणेल, रस्त्यावरच्या कुत्र्यांचा उपद्रव केवढा, चावे किती, आणि तुम्ही खेळाचे कौतुक सांगता. भीती खोटी नाही. रेबीज झाला की माणूस वाचत नाही, हे मीही जाणतो. अनोळखी कुत्र्याशी मुलांनी खेळू नये, चावा किंवा ओरखडा झाला तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. चिकू घरात आला त्या आठवड्यातच त्याला आम्ही लस टोचून घेतली.

पण गोव्याने या भीतीवर काढलेला तोडगाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१४ पासून मिशन रेबीजची पथकं सरकारच्या साथीने गावोगाव हिंडून कुत्र्यांना लस टोचू लागली, शाळाशाळांतून मुलांना कुत्र्याची भाषा समजावू लागली. २०२१ साली गोवा हे 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झालं. यात कुठे दगडाचा उपयोग झाला नाही. कुत्रं हाताला लागेल इतका त्याचा विश्वास असेल तरच त्याला सुई टोचता येते. जिथे हात उचलला की कुत्री पळतात, तिथे लस देणाऱ्याचाही हात रिकामाच परत येतो. सरमेने सांगितलेलं न दिसणारं भय हेच असावं का, असा विचार मनात येतो.

चिकूला सात महिने लागले. फाल्गुनात, शिगम्याच्या दिवसांत, दूर कुठेतरी ढोल वाजत होते. मुलगी अंगणात होती. तिने नकळत, सवयीने, चेंडू फेकायला हात डोक्याच्या वर नेला. आमच्या लक्षात आलं आणि दोघंही थबकलो. चिकू तुळशीकडे गेला नाही. त्याने तिच्या हाताकडे पाहिलं, पुढचे पाय पसरले, कोपरं लाल मातीत टेकली, शेपूट वर.

"बाबा, सही केली त्याने!" मुलगी ओरडली.

चेंडू त्याने आणला नाहीच. तोंडात धरून परसात पळाला आणि मी नामदेवांसारखा मागे धावलो. पण त्या रात्री मी मुलीला जवळ बसवून पारावरच्या तीन पायांच्या कुत्रीची गोष्ट सांगितली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी. तिने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

नाव कुणी ठेवलंच नव्हतं.